तुंब्यावरचा शेंदूर

एकोणीसशे सत्त्याऐंशी साल होतं. पाडवा होऊन आठवडाही झाला नव्हता आणि पालघरजवळच्या आमच्या माहीमच्या वाडीत नवी कोरी जीप आली. साल नेमकं लक्षात राहायचं कारण असं, की त्याच वैशाखात पाड्यावरच्या सोमीचं लग्न झालं आणि त्या लग्नापायी मी पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी हाकायला शिकले. माझी नातवंडं 'चालवायला' म्हणतात. मी हाकायलाच म्हणते.

जीपची हौस माझ्या यजमानांची. भगवंत त्यांचं नाव. बोईसरच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. मासवणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमचा काजूचा एक तुकडा होता. तिथवर जायला चारही चाकांनी ओढणारी गाडी पाहिजे, असं त्यांनी घरात सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. त्यांच्या कारखान्यातला एक साहेब दर रविवारी तसली गाडी घेऊन डोंगर चढायचा आणि सोमवारी दिवसभर त्याच्याच गोष्टी सांगायचा. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे यांनाही माहीत होतं. आमची गाडी यायच्या आधीच तो साहेब बदली होऊन गुजरातकडे गेला. म्हणजे दाखवायचं ज्याला, तोच नाही, आणि विचारायचं ज्याला, तोही तोच.

मुंबईहून गाडी घेऊन शोरूमचा ड्रायव्हर आला होता. माझ्या सासूबाई, राहीबाई, तबक घेऊन फाटकात उभ्या होत्या. पूजा झाल्याशिवाय वाडीत चाक टाकायचं नाही, हा त्यांचा हुकूम. पूर्वी आमच्या घरी बैलगाडी होती. सासरे ती घेऊन मनोरकडे लाकडं आणायला जायचे. डोंगरातल्या वाटेला जाणाऱ्या गाडीच्या तुंब्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या गोळ्याला, तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, वाघोबाच्या नावानं, अशी आमच्या घरची रीत. बैलगाडी गेली, पण सासूबाईंच्या कोनाड्यातली शेंदराची वाटी कधी रिकामी झाली नव्हती.

सासूबाई जीपभोवती एक फेरी मारून आल्या आणि मागच्या चाकाशी थबकल्या.

"भगवंता, मागची चाकं बोडकी कशी रे? तुंबा पुढच्यांनाच दिलाय."

खरंच तसं होतं. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध वाटी उपडी घालावी तसा गोळा बाहेर आला होता. मागं काहीच नव्हतं.

"कंपनीची तऱ्हा असेल," हे म्हणाले.

ड्रायव्हरला पालघरहून परतीची गाडी पकडायची होती. त्यानं यांना आत बसवून एक आखूड दांडी दाखवली. "साब, चढाई हो, रेती हो, ये खींचो. फोर-व्हील लग गया." मग तो खाली उतरला आणि पुढच्या चाकापाशी वाकून म्हणाला, "और साब, उसके पहले ये भी..."

"ए बाबा!" सासूबाई कडाडल्या. "पायात चप्पल हाय तुझ्या. पूजा चाललीय, दिसत नाय? हात नको लावू."

बिचाऱ्यानं हात मागे घेतला. हसला, गाडीला नमस्कार केला, चहा प्याला आणि टांगा धरून निघून गेला. सासूबाईंनी दोन्ही तुंबे शेंदरानं असे थापले की देवळातला मारुती लाजावा. वर बजावलं, "हा कुणी पुसायचा नाय. आपोआप झडेल तेव्हा झडेल."

आता नवसीचं सांगते, म्हणजे गोष्ट रस्त्याला लागेल.

नवसी ही मासवणच्या वरच्या पाड्यावरची वारली बाई. डोंगरात त्यांची थोडी भातशेती. कापणी उरकली की ती दरवर्षी नवऱ्याबरोबर आमच्या वाडीत कामाला उतरायची आणि उन्हाळ्यापर्यंत राहायची. पानवेली बांधायच्या, शिंपायच्या, पानं खुडायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सासूबाईंचं आणि तिचं हाडवैर आहे. कालवणात मीठ किती यावरून भांडण, वेल कुठल्या बाजूनं बांधायचा यावरून भांडण. भांडून झालं की एकाच पायरीवर बसून एकाच डब्यातली तंबाखू. नवसी सासूबाईंना 'राही' म्हणायची. अख्ख्या माहीममध्ये त्यांना नुसत्या नावानं हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

दर उन्हाळ्यात डोक्यावर बोचकं घेऊन निघताना नवसी फाटकातून मागं वळायची. "मी आलू. आता तू ये."

"येईन गो," सासूबाई म्हणायच्या.

आणि कधीच जायच्या नाहीत. आधी पोरं लहान होती, मग गाई होत्या, मग गुडघे गेले. नवसीचंही वय झालं, खाली उतरणं बंद झालं. नुसते निरोप यायचे.

जीप येऊन पंधरा दिवस झाले असतील. नवसीचा मुलगा जिवल्या मोहाच्या फुलांचं गाठोडं घेऊन वाडीत आला. ओटीवर बसला, पाणी प्याला, आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "मोठीबाय, सोमीचं लगीन हाय. माझ्या पोरीचं. आयेनं निरोप धाडलाय."

"काय बोलली?"

जिवल्या गाठोड्याची गाठ चाचपू लागला.

"अरे बोल ना. तुझी आय काय गोड बोलणार हाय, ते मला ठाऊक हाय."

"आये बोलली, राहीला सांग, या येळी आली तर आली. नाय आली तर मी मेल्यावर पन येऊ नको."

सासूबाई मोठ्यानं हसल्या. हसता हसताच उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. "वाट कशी हाय रे?"

"तुमच्यासाठी डोली करतू. आमी चौघं येतू, उचलून नेतू."

"जितेपणी चौघांच्या खांद्यावर?" सासूबाई म्हणाल्या. "लोकं बोलतील, राहीला भारी घाई झाली. नको. भगवंताची गाडी हाय. ती काय नुसती पुजायला घेतलीय?"

यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

पुढच्या रविवारी आम्ही वाट बघायला गेलो. हे गाडी चालवत होते, मी शेजारी आणि वाट दाखवायला मागे जिवल्या. मासवण सोडलं, डांबर संपलं, बैलगाडीची चाकोरी लागली. मग आला ओढा. पाणी घोट्याएवढंच, पण दोन्ही काठांना भुसभुशीत वाळू. ओढ्यापलीकडे सुट्या दगडांची, तांबड्या मातीची उभी चढण. ती चढली की पाडा.

"आता बघ," हे मला म्हणाले. त्यांनी ती आखूड दांडी मोठ्या थाटात ओढली.

गाडी वाळूत शिरली. दोन हात पुढे गेली, घुंईऽऽ करून ओरडली आणि मागून खाली बसली. यांनी आणखी जोर दिला, ती आणखी बसली. जिवल्या ढकलायला मागे गेला आणि वाळूनं न्हाऊन निघाला. मोहाची फुलं वेचायला आलेल्या बाया टोपल्या खाली ठेवून बघायला जमल्या. त्यांच्यात ठमी म्हणून एक म्हातारी होती, तोंडाची भारी तिखट.

"भाऊ, नांगरनी चांगली झाली," ती म्हणाली. "आता काय पेरायचा?"

बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. शेवटी जिवल्यानं पाड्यावरून बैलांची जोडी आणली आणि गाडी काढली. ठमी मागून ओरडली, "आठ पाय लावले, तवा चार चाकां चालली गो!"

यांनी तिथूनच गाडी माघारी वळवली. दुसऱ्या दिवशी बोईसरच्या गॅरेजात गाडी दाखवली. तिथला मिस्त्री ट्रकांचा माणूस. त्यानं दांडी ओढून पाहिली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "गाड़ी एकदम बराबर है साहब. थोड़ा हाथ बैठने दो." झालं. 'तुम्हाला चालवता येत नाही' हे कुणी गोड शब्दांत सांगितलं की ते जास्तच लागतं. हे म्हणाले, "ही गाडी डांबरावरचीच. आईला सांग, नाही जमायचं."

मी सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. चार दिवसांनी सासूबाईंनी सोमीसाठी आणलेली हिरवी साडी माझ्या हातात दिली. "जिवल्या बाजाराला येईल तेव्हा त्याच्याकडे दे. नवसीला सांग, राहीचे पाय नाय चालत."

त्या साडीची घडी त्यांनी इतकी नीट घातली होती, की मला बघवलं नाही. मी ती साडी परत त्यांच्या पेटीत ठेवली. रात्री जेवताना यांना म्हटलं, "मला शिकवा."

"काय?"

"गाडी."

"तुला?"

"मला."

यात वेडेपणा होता तितकाच थोडा हिशोबही होता. मी उमरोळीची. माझ्या वडिलांच्या गवताच्या गाड्या होत्या. पावसाळा संपला की डोंगरउतारावरचं गवत कापून, गाड्या भरून स्टेशनाजवळच्या वखारीत आणायचं. गवतानं भरलेली गाडी म्हणजे चालती टेकडीच. जरा तिरकी झाली की आडवी. वडील मला वर बसवून कासरा हातात द्यायचे आणि म्हणायचे, "बैलाला घाई सांगू नको. वाट सांग." मला भाऊ नव्हता, म्हणून हे शिक्षण माझ्या वाट्याला आलं. पुढे लग्न झालं आणि ते तसंच अंगात पडून राहिलं.

ठाण्याहून शिकाऊ लायसन आणलं. यांनी गाडीच्या पुढेमागे लाल अक्षराच्या पाट्या बांधल्या. सकाळी ओहोटी असली की आम्ही केळव्याच्या किनाऱ्यावर जायचो. सुरूच्या झाडांजवळ कोळणी बोंबील वाळत घालायच्या. मी गाडी सुरू केली की हे शेजारून ओरडायचे, "क्लच! क्लच! अगं ब्रेक! आता ब्रेक नको!" मी गोंधळायची, गाडी गचके खात बंद पडायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक कोळीण कंबरेवर हात ठेवून समोर आली.

"अगो बाय," ती म्हणाली, "आधी नवऱ्याला उतरव. वजन त्याचाच जास्त हाय."

मी यांच्याकडे बघितलं. ते मुकाट्यानं उतरले आणि गाडीशेजारून चालू लागले. त्या दिवशी गाडी पहिल्यांदा न गचकता चालली. मऊ वाळू आली की तिला दामटायचं नाही आणि मध्येच सोडायचंही नाही. एका चालीनं जाऊ द्यायचं. उतारावर ब्रेक दाबून धरायचा नाही. पहिल्या गियरमध्ये ती स्वतःच स्वतःला आवरते, भरल्या गाडीचे बैल उतरणीला मागे रेलतात तशी. मला हे कुणी नव्यानं सांगायला लागलंच नाही. आठवडाभरानं हे सुरूखाली बसून शेंगदाणे खात मला बघायचे आणि कोळणींना सांगायचे, "मी शिकवली."

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा मी यांना घेऊन पुन्हा ओढ्यावर गेले. वाळू मी काढली. कशीबशी, पण काढली. चढणीवर मात्र अर्ध्यात गाडी थांबली. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, दगड उडू लागले. मी जोर कमी केला, गाडीला हळूहळू मागं येऊ दिलं आणि सपाटीवर उभी केली. पुन्हा गेले. पुन्हा तिथंच.

"बघितलंस?" हे म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं आणि थोडं समाधानही होतं. "माझा दोष नव्हता."

मी उतरून मघाच्या जागी चढत गेले. मागची चाकं जिथं होती तिथं दोन खड्डे पडले होते. पुढच्या चाकांच्या जागी मात्र टायरची नक्षी जशीच्या तशी उमटली होती, करंजीवर साच्यानं उठवावी तशी. एक खडासुद्धा विस्कटलेला नव्हता. चारही चाकं ओढत असती, तर पुढच्यांनीही माती उकरायला नको का?

घरी आले तेव्हा सासूबाई ओटीवर पानं निवडत बसल्या होत्या. हे वाटेतूनच परस्पर कारखान्यात गेले होते. मी सासूबाईंजवळ बसले, दोन पानं हातात घेतली.

"आई, गाडीचे पुढचे बैल ओढत नाहीत."

"म्हणजे?"

"मागची चाकं माती उकरतात. पुढची नुसती बरोबर चालतात. आमच्याकडे एक बैल होता, मान जुवाखाली घालायचा आणि जोर दुसऱ्याला लावायला द्यायचा, तसं."

सासूबाईंनी पान खाली ठेवलं. "बैल तसा असतो. लोखंड तसं नसतं. जू मानेवर हाय, पण गळ्याचा पट्टा बांधायचा राहिला असेल."

"चाकाला कुठला पट्टा?"

त्यांनी अंगणातल्या जीपकडे पाहिलं. पुढच्या चाकावर नजर ठरली. मग अगदी हळू म्हणाल्या, "उषे, तो ड्रायव्हर पुढच्या चाकाशी वाकला होता ना गो?"

"हो."

"काय बोलला तो?"

मला आठवलं. "म्हणाला, उसके पहले ये भी."

"ये भी काय?"

"तेवढंच म्हणाला. मग तुम्ही..."

"मग मी हाकलला," सासूबाई म्हणाल्या. "चल. पाट घे, खोबरेल घे. आणि ते जुनं उलथनं घे, पोहे परततो ते नको."

पाट चाकाजवळ मांडून त्या गुडघे लांब करून बसल्या. दीड महिन्याच्या उन्हानं आणि धुळीनं शेंदराचं पार कवच झालं होतं. मी हात पुढे केला तर माझा हात बाजूला सारला. "मी लावला, मीच काढणार." उलथन्याला तेल लावायचं, खरवडायचं, पुन्हा तेल. खरवडताना तोंडानं चाललं होतं, "वाघोबा, रागवू नको रे बाबा. तुझ्याच डोंगरात यायचंय. तूच वाट अडवून बसलास, आता काय करू?"

शेंदराच्या पापुद्र्याखालून आधी एक खाच दिसली. मग बोटभर रुंदीची एक चकती, चिमटीत धरून फिरवता येईल अशी. मग इंग्रजी अक्षरं.

"काय लिहिलंय? वाच."

"या बाजूला लॉक. या बाजूला फ्री."

"फ्री म्हणजे?"

"मोकळं."

"आणि आता कुठं हाय ते?"

"मोकळ्यावर."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. शेंदूर कपाळाला लागला. "मग! मोकळाच सोडला होता बैल, आणि भगवंता दांडी ओढतोय!"

मी पदरानं धरून चकती पिळली. आधी हलेना. मग कट्‌ करून बसली. दुसऱ्या चाकाशी पाट नेला, तिथंही तसंच. वाडीच्या मागे नारळांच्या पलीकडे पांढरी वाळू होती, अगदी पिठासारखी. मी सासूबाईंना शेजारी बसवलं, गाडी वाळूत घातली आणि दांडी ओढली. काय सांगू! एरवी मागून ढकलल्यासारखी चालणारी गाडी पुढून कुणीतरी हात धरून ओढावी तशी निघाली. पुढच्या चाकांनी वाळू उडवली आणि ती उघड्या बाजूनं सासूबाईंच्या मांडीवर येऊन पडली. त्या वाळू झाडायचं सोडून टाळ्या वाजवत होत्या.

संध्याकाळी हे आले. सासूबाईंच्या कपाळाला शेंदूर, दोघींचे हात तेलकट, गाडी वाळूनं माखलेली. सगळी हकीकत ऐकून ते पायरीवर बसले आणि इतके हसले की ठसका लागला. "आई, त्या ठमीच्या तोंडून मी काय काय ऐकलं, आणि चोर घरातच!"

"चोर नाय, देव होता," सासूबाई म्हणाल्या. "चहा घे आणि गप बस."

लग्नाच्या दिवशी सकाळी निघालो. पुढं मी आणि सासूबाई; मागं हे, मांडीवर पानांची करंडी, पायाशी केळ्यांचा लोंगर, आणि पेटीतून निघालेली ती हिरवी साडी. वाटेत एक शब्द बोलायचा नाही, असं त्यांनी कबूल केलं होतं.

ओढ्यावर जिवल्या बैलांची जोडी आणि दोर घेऊन तयार उभा होता. काठावरच्या झाडाखाली ठमी आणि तिच्या सगळ्या बाया रांगेत बसल्या होत्या, तमाशाला बसावं तशा.

"वैनी, बैल तयार हायती," ठमी म्हणाली. "भाऊनं काय शिकवलाय तुमाला, नांगरनी की कोळपनी?"

मी उतरले, डांबरावर मोकळ्या ठेवलेल्या दोन्ही चकत्या लॉकवर फिरवल्या आणि परत चढले. दांडी ओढली. सासूबाईंनी समोरच्या लोखंडी मुठीला दोन्ही हातांनी विळखा घातला.

वाळू सहज गेली. चढण लागली. जिथं गाडी दोनदा थांबली होती ती जागा आली आणि मागंही पडली. पुढे एक खडक आडवा आला. डावं चाक त्यावर चढलं, गाडी उजवीकडे कलली, सासूबाई माझ्या खांद्यावर आल्या. मागून आवाज आला, "क्ल..." आणि गिळला गेला. मी पाय होता तिथंच ठेवला. घाई सांगितली नाही. गाडीनं जरा विचार केल्यासारखं केलं आणि मग एकेक चाक खडकावरून उतरवलं, म्हातारं माणूस पायरी उतरतं तसं.

"हळू बाळा, हळू," सासूबाई म्हणत होत्या. मला की गाडीला, ते मी कधी विचारलं नाही.

मागे बाया ओरडत चढणीवरून पळत येत होत्या. जिवल्या बैल घेऊन पाठोपाठ. त्यांचं काही काम उरलं नव्हतं, तरी ते वरपर्यंत आले, वरातीत आल्यासारखे.

पाड्यावर मांडव होता. धवलेरीचं गाणं चाललं होतं. वारल्यांची लग्नं ही बाईच गाऊन लावते. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं पांढराशुभ्र चौक रेखला होता. मांडवाच्या मेढीला टेकून नवसी बसली होती. सुकून गेली होती, पण डोळे तेच. गाडी थेट मांडवाशी थांबली. सगळी पोरं गाडीला झोंबली. नवसी जागची हलली नाही.

आम्ही दोघांनी सासूबाईंना उतरवलं. त्या एकेक पाऊल टाकत तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आलीस?" नवसी म्हणाली.

"आले."

"लवकर आलीस."

"वाटेत शेंदूर आडवा आला."

"जेवाय थांबशील, की गाडी चालूच ठेवलीस?"

"कालवणात मीठ कोणी घातलंय त्यावर हाय," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारी धपकन बसल्या. नवसीनं त्यांचा हात धरला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही.

नंतर सोमीची हळद उतरली. उरलेली हळद वाटीत घेऊन नवसी उठली आणि काठी टेकत जीपपाशी गेली. "लांबनं आली लेक. हिला पन लावते," असं म्हणत पुढच्या चाकाच्या तुंब्याकडे वाकली.

"चाकाला नको!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

नवसी दचकून थांबली. सासूबाईंनी तिला सगळं सांगितलं. ड्रायव्हर, चप्पल, उलथनं, काही लपवलं नाही. नवसीच्या बोळक्या तोंडात हसू मावेना. ठमी तर जमिनीवरच बसली. मग नवसी वाटी घेऊन परत आली, सासूबाईंसमोर खाली बसली आणि त्यांचं लुगडं जरा वर सारून हळदीचा हात दोन्ही गुडघ्यांवर फिरवला.

"मंग हिच्याच चाकांना लावते," ती म्हणाली. "तीस वर्सं हीच अडकली होती."

दिवाळीनंतर नवसीनं परतफेड केली. मेल्यावर येऊ नको म्हणणारी बाई जिती खाली आली, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून. मासवणपासून माहीमपर्यंत सगळी वाट मला सांगत होती, की तुझ्यापेक्षा बैल बरा पळतो. महिनाभर राहिली. मिठावरून दोनदा भांडण झालं.

सासूबाई नव्वद सालच्या पावसाळ्यात गेल्या. तेव्हा ओढा भरलेला होता, नवसीला आणता आलं नाही. पाणी उतरल्यावर मी तिला घेऊन आले. ती पानवेलींतून एकटीच फिरली आणि एक वेल सोडून पुन्हा आपल्या बाजूनं बांधला. म्हणाली, "आता कोन भांडतो बघू." दोन वर्षांनी तीही गेली.

आमचे हे निवृत्त झाल्यावर काजूत रमले. सपाटीवर गाडी तेच चालवायचे आणि ओढा आला की काही न बोलता उतरून माझ्या बाजूला यायचे. मग मी सरकून बसायची. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ठमी शंभरीपर्यंत जगली म्हणतात. तिचं वय तिलाही ठाऊक नव्हतं. जिवल्या थकलाय, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्याचं. सोमी लग्नानंतर काही वर्षं वीटभट्टीवर गेली, मग पाड्यावरच अंगणवाडीत मदतनीस झाली. ती हिरवी साडी तिनं सुनेला दिली. तिचा मुलगा मासवण ते पाडा अशी प्रवासी जीप चालवतो. ओढ्यावर पूल झाला, चढणीला डांबर आलं. त्याच्या गाडीला ती आखूड दांडी नाही, लागतही नाही.

आमची जीप विक्रमगडकडच्या एकाला दिली. एकदा मनोरच्या रस्त्यावर ती मला दिसली होती, छपरापर्यंत गवत भरलेली. माझ्या वडिलांना बघायला आवडलं असतं.

मी आता गाडी हाकत नाही. दसऱ्याला नातसून नव्या गाडीची पूजा करते, तेव्हा खुर्ची ओढून अंगणात बसते तेवढी. ती टिळा कुठं लावते, ते बघायला.